गोळी पोटात जाते, रक्तात का पोचत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४१, वजन ५० किलो, पूर्ण शाकाहारी. चार महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन ८.९ होतं, आता ९.२. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) ७, बी१२ १४८, ड जीवनसत्त्व (डी) ११. सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी आणि ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल, अर्ध्या तासानं नाश्ता, आणि नाश्त्यानंतर चहाबरोबर लोह, कॅल्शियम, बी१२ आणि एक मल्टिव्हिटॅमिन अशा चार गोळ्या एकदम. रविवारी त्यातच डी३ चं पाऊच. एकही दिवस चुकवलेला नाही, तरी आकडे हलत नाहीत. आता गोळ्या बदलायच्या, की जास्त ताकदीच्या घ्यायच्या?

ताई, आधी गोळ्या नको, वेळा बदला. मल्टिव्हिटॅमिन सोडलं तर तुमच्या यादीतलं एकही औषध चुकीचं नाही. पण ती सगळी एकाच पंगतीला बसवली आहेत आणि ती एकमेकांच्या पानातलं ओढून घेतायत. तुमच्या नियमितपणात काही कमी नाही. उलट इतक्या निष्ठेनं चुकीच्या वेळी गोळी घेतली जाते, म्हणूनच चार महिने वाया गेले याचं वाईट वाटतं. हे कुणीतरी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यायला हवं होतं.

लोहापासून सुरुवात करू, कारण खरी अडचण तिथेच आहे.

लहान आतडं काही मीटर लांब असलं तरी लोह शोषलं जातं ते मुख्यतः त्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात. या भागाला ड्युओडेनम म्हणतात. नावाचा अर्थच बारा बोटं, म्हणजे साधारण पाव मीटर. भाजी-डाळीतलं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं. पोटातलं आम्ल ते विरघळवतं, मग आतड्याच्या पेशींच्या पृष्ठभागावर त्याचं फेरस रूप होतं आणि तेवढंच आत घेतलं जातं. गोळीतलं लोह आधीच फेरस असतं, पण तेही विरघळलेल्या अवस्थेतच तिथे पोचायला लागतं. वाटेत चहातली टॅनिन त्याला चिकटली, पोळी-भाकरीतलं फायटेट (धान्य-डाळींतला एक घटक) चिकटलं किंवा आम्लच कमी पडलं, की ते साक्यासारखं खाली बसतं आणि पुढे निघून जातं. बारा बोटांची ती जागा ओलांडली की संधी जवळजवळ गेलीच. म्हणूनच आतड्यात उशिरा विरघळावी म्हणून खास आवरण दिलेली किंवा ‘सस्टेंड रिलीज’ लिहिलेली लोहाची गोळी पोटाला सौम्य वाटते, पण बऱ्याचदा उपयोगालाही सौम्यच ठरते.

आता हिशेब करून पाहा. तो ढोबळ आहे, पण गोळी कुठे जाते ते त्यातून नीट कळतं. हिमोग्लोबिन ९.२ वरून १२.५ ला न्यायचं तर ३.३ ची तूट आहे. वजन गुणिले तूट गुणिले २.४, म्हणजे ५० × ३.३ × २.४, साधारण ४०० मि.ग्रॅ. लोह. त्यात रिकामी झालेली साठवण भरायला ५०० धरा. एकूण ९०० मि.ग्रॅ. हे रक्तात पोचायला हवं, पोटात नव्हे. शिवाय शरीरातून रोज जवळपास १ मि.ग्रॅ. लोह तसंच जातं, आणि पाळीत ८० मिली रक्त गेलं तर तुमच्या आत्ताच्या हिमोग्लोबिनला आणखी सुमारे २५ मि.ग्रॅ. म्हणजे महिन्याला ५५ मि.ग्रॅ. फक्त जागच्या जागी राहण्यासाठी.

तुमच्या गोळीत १०० मि.ग्रॅ. लोह आहे असं धरू. रिकाम्या पोटी, काही आड न येता घेतली तर शरीराला गरज असताना त्यातलं १५ मि.ग्रॅ. आत जाणं शक्य आहे. नाश्ता, चहा, कॅल्शियम आणि पँटोप्राझोल अशा चार अडथळ्यांतून २ मि.ग्रॅ. जरी पोचलं तरी पुष्कळ. मग महिन्याचे साठ, त्यातून ५५ गेले, उरलं काय? चार महिन्यांत ०.३ वाढ का झाली याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

गोळीच्या पट्टीची मागची बाजू एकदा उजेडात धरून वाचा. पुढे ठळक आकडा असतो तो पुष्कळदा क्षाराचा, म्हणजे लोह ज्यात बांधलेलं असतं त्या अख्ख्या संयुगाचा, लोहाचा नव्हे. उपयोगाचा शब्द ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे निव्वळ लोह. सुकवलेल्या फेरस सल्फेटच्या २०० मि.ग्रॅ. गोळीत लोह ६५ मि.ग्रॅ. असतं, ३०० मि.ग्रॅ. फेरस फ्युमरेटमध्ये साधारण १००; ३०० मि.ग्रॅ. फेरस ग्लुकोनेटमध्ये ३५. फेरस ॲस्कॉर्बेटच्या पट्ट्यांवर बहुधा ‘एलिमेंटल आयर्न १०० मि.ग्रॅ.’ असं सरळ लिहिलेलं असतं. सरकारी दवाखान्यात मोठ्यांना मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, आणि नीट घेतली तर ती फुकटची गोळी महागड्या गोळीइतकंच काम करते. महाग क्षारांनी काहींच्या पोटाला त्रास कमी होतो, एवढाच त्यांचा फायदा धरावा.

चहाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण चहा सोडा म्हटलं तर कुणी सोडत नाही आणि सोडायची गरजही नाही. जेवणाबरोबर घेतलेल्या चहानं त्या जेवणातल्या लोहाचं शोषण साठ टक्क्यांपर्यंत घटल्याचं मोजलं गेलं आहे. कॉफीनं चाळीसच्या आसपास. पण जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तर हा फटका बराच कमी होतो. गोळीच्या बाबतीत दोन्हीकडे दोन-दोन तासांची मोकळी जागा ठेवली की भांडण मिटलं. दूधही चालत नाही, कारण त्यातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन दोन्ही आड येतात. गोळी दुधाबरोबर घेतली की पोट शांत राहतं हा सल्ला घरोघरी दिला जातो. पोट शांत राहतं हे खरं, पण लोह वाया जातं.

लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम, नुसत्या पाण्याबरोबर घेतली तरी हरकत नाही. क जीवनसत्त्व अन्नातल्या लोहाला चांगली मदत करतं. गोळीतलं लोह आधीच फेरस असल्यानं क जीवनसत्त्वाची वेगळी गोळी जोडून हिमोग्लोबिन फारसं जास्त वाढत नाही. त्यावर पैसे घालू नका. लिंबू जेवणात पिळा, तिथे त्याचं खरं काम आहे. आणि वरण-भाजी गॅसवरून उतरवल्यावर पिळा, उकळत्यात नको.

यापुढचा मुद्दा बहुतेकांना नवा असतो. यकृत हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक सोडतं. आतड्याच्या पेशीतून रक्तात लोह सोडणारं जे दार आहे त्याची कडी हेप्सिडिनच्या हातात असते. ६० मि.ग्रॅ. किंवा जास्त लोहाची गोळी घेतली की काही तासांत हेप्सिडिन वर जातं, चोवीस तासांच्या आसपास वर राहतं आणि ४८ तासांपर्यंत खाली येतं. म्हणजे रोज गोळी घेतली तर दुसऱ्या दिवशीची गोळी अर्धवट लावलेल्या दारावर जाऊन थांबते. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ च्या सुमारास लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांत हे मोजून दाखवलं: एक दिवसाआड दिल्यावर प्रत्येक गोळीतून शोषण जास्त होतं. न शोषलेलं लोह आतड्यात पडून राहतं आणि मळमळ, बद्धकोष्ठ, पोट डब्ब होणं हे सगळं त्याच्यामुळेच होतं. त्यामुळे दिवसातून दोनदा लोह घेऊन वेग दुप्पट होत नाही. त्रास मात्र दुप्पट होतो.

तुमच्या बाबतीत मी एक दिवसाआड, एका वेळी एकच गोळी, हा मार्ग सुचवेन. डॉक्टरांना हे सांगून बदला. याला अपवाद आहेत. गरोदर असाल तर सरकारी कार्यक्रमाप्रमाणे रोजचीच गोळी चालू ठेवायची, ती स्वतःहून दिवसाआड करायची नाही. हिमोग्लोबिन ७-८ च्या खाली असेल, धाप लागत असेल, शस्त्रक्रिया तोंडावर असेल, तर गोळ्यांची वाट पाहत बसू नये. शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं.

मळमळ झाली तर गोळी बंद करण्याआधी तीन गोष्टी क्रमानं करून पाहा: रात्री झोपण्याच्या वेळी घ्या, तरी जमलं नाही तर अर्धं केळं किंवा दोन साधी बिस्किटं खाऊन घ्या, तरी जमलं नाही तर १०० ऐवजी ६० ची घ्या. थोडं कमी शोषलं तरी चालेल, कपाटात पडलेल्या गोळीपेक्षा ते बरं. शौचाचा रंग काळपट-हिरवा होणारच, त्याची भीती नको. डांबरासारखा चिकट आणि उग्र वासाचा असेल तर मात्र तो लोहाचा रंग नाही, पोटातल्या रक्तस्रावाचा असू शकतो; त्याच दिवशी दाखवा. आणि घरात लहान मूल असेल तर ही पट्टी कुलपात ठेवा. साखरेच्या आवरणाची लाल गोळी मुलांना खाऊ वाटते, आणि मूठभर लोहाच्या गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेततात.

थायरॉइडची गोळी मुद्दाम वेगळी काढतोय, कारण तुमच्या यादीत एक छुपी साखळी आहे. थायरॉक्सिनची गोळी साध्या पाण्यानं, उपाशी पोटी घ्यायची आणि पुढे निदान अर्धा ते एक तास काही नाही. ते तुम्ही पाळता. पण लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब हवेत. तुमच्याकडे जेमतेम तासाभरात दोन्ही येतायत. ती दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवतात, डोस कमी पोचतो, टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा) वर जातो. थायरॉइड कमी पडलं की पाळी जास्त जाऊ शकते. पाळी जास्त गेली की लोह जातं. म्हणजे ज्या वेळी लोह घेताय तीच वेळ लोह बाहेर घालवायला हातभार लावत असेल. गेल्या चार महिन्यांत टीएसएच तपासला नसेल तर तपासा. आणि वेळा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा, कारण आता तोच डोस जास्त पोचायला लागेल आणि कदाचित कमी करावा लागेल.

पँटोप्राझोल. हे आम्ल कमी करतं, तेच त्याचं काम. पण लोह विरघळायला, अन्नातलं बी१२ सुटं व्हायला आणि कॅल्शियम कार्बोनेट फुटायला तेच आम्ल लागतं. दोन-चार आठवड्यांच्या औषधोपचारानं काही बिघडत नाही. वर्षानुवर्षं ‘रोज सकाळी एक’ असं चालू असेल तर प्रश्न विचारायला हवा. डॉक्टरांना थेट विचारा: हे मला अजून कशासाठी चालू आहे? वेदनाशामक किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर पोट सांभाळायला दिलं असेल तर सोडू नका. नुसत्या जळजळीसाठी असेल तर हळूहळू कमी करता येतं. एकदम बंद केलं तर काही दिवस आम्ल उसळून येतं आणि माणूस घाबरून पुन्हा सुरू करतो.

बी१२ ची गोष्ट वेगळी आहे आणि तुलनेनं सोपी. त्याचे आत जायचे दोन रस्ते आहेत. मुख्य रस्त्यावर जठरातून स्रवणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन त्याला धरतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला उतरवतं. या रस्त्यानं एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम जातं, कितीही दिलं तरी. दुसरा रस्ता म्हणजे नुसतं झिरपणं. जेवढं घ्याल त्याच्या सुमारे एक टक्का. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. आता १५०० मायक्रोग्रॅमची गोळी का देतात ते लक्षात येईल: पहिल्या रस्त्यानं दोन आणि दुसऱ्यानं पंधरा, मिळून सतरा. मल्टिव्हिटॅमिनमधलं थोडंसं बी१२ रोजची गरज कशीबशी भागवेल, पण १४८ वरून वर काढायला पुरणार नाही. मोठ्या डोसची गोळी रोज घेतली तर बहुतेकांना इंजेक्शनइतकाच उपयोग होतो. मात्र हातापायांना मुंग्या, चालताना पाय कुठे पडतोय ते न कळणं, बेसिनवर डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणं यांपैकी काही असेल तर इंजेक्शननंच सुरुवात करावी. मज्जातंतूंचं नुकसान थांबवायला उशीर परवडत नाही.

मिथाइलकोबालामिन चांगलं की सायनोकोबालामिन, यावर खूप वाद घातले जातात. शरीर दोन्हींना आत घेऊन आपल्याला हव्या त्या रूपात बदलतं. सायनो जास्त टिकाऊ आणि स्वस्त. जे मिळेल ते घ्या.

पण लोहाच्या गोळीशी याचा एक महत्त्वाचा संबंध आहे. लोहाच्या बहुतेक पट्ट्यांत फॉलिक ॲसिडही असतं, अनेकदा १.५ मि.ग्रॅ. फॉलिक ॲसिड बी१२ च्या कमतरतेचा रक्तातला भाग झाकतं, मज्जातंतूंचा भाग तसाच चालू राहतो. म्हणून बी१२ कमी असताना लोह-फॉलिकच्या गोळ्या एकट्या देऊ नयेत. तुम्ही दोन्ही घेताय ते बरोबर आहे. आणखी एक: लोह कमी असलं की लाल पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असलं की सरासरी आकार, म्हणजे रिपोर्टमधला एमसीव्ही, साळसूदपणे नॉर्मल येतो. तेव्हा शेजारचा आरडीडब्ल्यू पाहा. तो वाढलेला असेल तर पेशी एकसारख्या नाहीत, मिश्र कमतरता आहे.

शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं हे अपवादात्मक मुळीच नाही. पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासलेल्या पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणांचं बी१२ कमी होतं. वनस्पतींत ते नाही. मोड आलेली कडधान्यं, स्पिरुलिना, सुकामेवा यांतून मिळत नाही. दूध-दह्यात आहे, पण एका ग्लासात साधारण एक मायक्रोग्रॅम, आणि दूध उकळल्यावर त्यातलंही काही जातं. तुमची पातळी सुधारल्यावरही आठवड्यातून दोन-तीनदा एक गोळी कायम ठेवावी लागेल असंच धरून चाला. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही हेच लागू.

आता डी. पाऊचमधले ६०,००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) म्हणजे फक्त दीड मिलिग्रॅम. पाऊचमधली बाकीची पूड बरीचशी साखर असते. हे जीवनसत्त्व तेलात विरघळतं. आतड्यात पित्तानं स्निग्धाचे बारीक थेंब केले की त्या थेंबांत बसून ते आत जातं. चहा-खारीवर किंवा साय काढलेल्या दुधात घेतलं तर पित्ताला बोलावणंच जात नाही. दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितल्यावर रक्तातली पातळी सरासरी निम्म्यानं वाढल्याचं एका अमेरिकी पाहणीत दिसलं होतं, डोस तोच ठेवून. म्हणून रविवारी दुपारच्या जेवणात, वरण-भातावर तूप असतं त्या वेळी. पूड चमच्यात घ्या, तोंडात टाका, वर घोटभर सायीचं दूध प्या. पेल्यात कालवली तर निम्मी काठाला चिकटून राहते.

आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, हा नेहमीचा पहिला टप्पा; नंतर महिन्यातून एक किंवा रोजची छोटी गोळी, डॉक्टर सांगतील तशी. इथे होणारी एक चूक फार घातक आहे: आठवड्याचं पाऊच रोज घेणं. चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एक’ वाचायचं राहतं आणि महिन्याभरात पोटात अठरा लाख आययू जातं. रक्तातलं कॅल्शियम चढतं; तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं आणि मूत्रपिंडावर घाव. पाऊच फोडलं की कॅलेंडरवर खूण करा. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी डी दिलंय का तेही पाहा, कॅल्शियमच्या गोळीतही ते थोडं असतंच.

कॅल्शियमची गोळी दुपारी जेवता जेवता किंवा जेवण झाल्या झाल्या. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.’ म्हणजे कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ., आणि एका वेळी ५०० च्या वर घेण्यात अर्थ नाही, शोषणाचं प्रमाण घटतं. कार्बोनेटला आम्ल लागतं, म्हणून जेवणाबरोबर. शिवाय जेवणातलं ऑक्झलेट ते आतड्यातच बांधतं, त्यामुळे मूतखड्यांचा धोकाही कमी राहतो. पँटोप्राझोल सोडता येत नसेल तर कॅल्शियम सायट्रेट मागा, त्याला आम्लाची गरज नाही. खरं तर तुम्हाला ही गोळी लागते का, तेच आधी मोजा. दोन ग्लास दूध ६०० मि.ग्रॅ.च्या आसपास देतं, वाटीभर दही आणखी शे-दीडशे, आणि नाचणीच्या भाकरीतून थोडं. प्रौढ स्त्रीची गरज १००० मि.ग्रॅ. पालक मात्र यात धरू नका. त्यात कॅल्शियम भरपूर असतं, पण ऑक्झलेटनं जखडलेलं, जेमतेम पाच टक्के सुटतं.

मल्टिव्हिटॅमिन मी थांबवायला सांगेन. तीस घटक एका गोळीत, त्यातले लोह, जस्त आणि कॅल्शियम एकमेकांशी झगडणारे, आणि प्रत्येकाचं प्रमाण तुमच्या कमतरतेपुढे नगण्य. त्यात जस्त किती आहे तेवढं वाचून ठेवा. रोज ५० मि.ग्रॅ.च्या आसपास जस्त महिनोन्‌महिने गेलं तर ते तांब्याचं शोषण रोखतं, आणि तांबं कमी पडलं की लोह देऊनही न हटणारा पांडुरोग (रक्तक्षय) होतो, मुंग्याही येतात. बी१२ ची कमतरता समजून लोक त्यावर आणखी गोळ्या खात बसतात.

तर दिवस असा लावा. साडेसहाला थायरॉइडची गोळी, पाण्यानं. पँटोप्राझोल चालू ठेवायचं ठरलं तर ते नाश्त्याआधी अर्धा तास. साडेसातला चहा-नाश्ता, त्यानंतर बी१२, त्याचं कुणाशीच भांडण नाही. दुपारी दीडला जेवण आणि कॅल्शियम. रविवारी त्याच जेवणात डी३. संध्याकाळचा चहा पाचला. जेवण आठला. एक दिवसाआड, रात्री साडेदहाला, लिंबूपाण्याबरोबर लोह, आणि त्यानंतर लगेच आडवं पडू नका, दहा-पंधरा मिनिटं बसा. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जळजळ होते. रात्री हळदीचं दूध घ्यायची सवय असेल तर लोहाच्या दिवशी ते सहाला घ्या. सम तारखेला लोह असं ठरवलं की लक्षात राहतं. ३१ ला आणि लगेच येणाऱ्या १ तारखेला लोह नाही, २ पासून गाडी आपोआप रुळावर येते. मध्येच डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं सुरू झाली तर तेवढे दिवस लोह आणि कॅल्शियम थांबवता येईल का ते विचारा. ती या दोन्हींना चिकटतात आणि मग जंतूंपर्यंत औषधच पोचत नाही.

ताटाबद्दल थोडं. डाळी-कडधान्यं आठ-दहा तास भिजवून पाणी फेकलं, मोड आणले किंवा पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू, सोबत पेरूची फोड, असं जेवण लोहासाठी पालकाच्या भाजीपेक्षा जास्त कामाचं. गाजर-टोमॅटोच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट आणि तेलाची फोडणी असते ती केवळ चवीपुरती नाही; त्या स्निग्धाशिवाय गाजरातलं कॅरोटीन फारसं आत जात नाही. आंबट आमटी लोखंडी कढईत केली की थोडं लोह उतरतं. पण फेरिटिन ७ असताना नुसत्या आहारावर विसंबून राहू नका. वरचा ९०० मि.ग्रॅ.चा हिशेब ताटातून भरायला वर्षं लागतील.

वेळा बदलल्यावर तीन-चार आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा. हिमोग्लोबिन निदान एकनं वाढायला हवं. वाढलं तर रस्ता बरोबर आहे. साडेबारा झाल्यावरही तीन महिने लोह चालू ठेवा, कारण तेव्हा कुठे साठवण भरायला लागते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून तिथेच थांबणारे वर्षभरात पुन्हा नऊवर येतात.

नाही वाढलं तर गोळीची कंपनी बदलू नका, कारण शोधा. पाळी सात दिवसांवर जाते का, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडतात का? मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी. मूळव्याधीचं रक्त लाजेनं लपवू नका. शेतात अनवाणी काम असेल तर आकडेकृमीचा विचार व्हावा. शोषणच बिघडलं असेल तर सीलिॲकसाठी (गव्हामुळे आतड्याला इजा होणारा आजार) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी, आणि ती गहू खाणं चालू असतानाच. आधीच पोळी सोडून तपासलं तर खोटं निगेटिव्ह येतं. एच. पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी शौच किंवा श्वासाची तपासणी, तिच्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोल बंद ठेवून. घरात थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) कुणाला असेल तर एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) तपासा, पण लोह भरून आल्यावर. लोह कमी असताना तो आकडा खाली दिसू शकतो आणि निदान हुकतं.

तपासणीला जाण्याआधी केस-नखांसाठी काही घेत असाल तर त्यात बायोटिन किती आहे ते पाहा. ५ किंवा १० मि.ग्रॅ. असतं, कधी ‘१०,००० मायक्रोग्रॅम’ असं लिहितात. प्रयोगशाळेतल्या काही यंत्रांची पद्धतच बायोटिनवर चालते. रक्तात ते जास्त असलं तर तिथे टीएसएच आणि फेरिटिन खोटं कमी, बी१२ आणि डी खोटं जास्त दिसू शकतं, आणि त्या आकड्यावर थायरॉइडचा डोस बदलला जातो. रक्त देण्याआधी तीन दिवस ते बंद ठेवा, आणि आदल्या रात्रीची लोहाची गोळीही टाळा. पोट रिकामं ठेवून, थायरॉइडची गोळी न घेता रक्त द्या आणि मग घरी येऊन घ्या.